राबातले चार खुंट

“सर, राब भाजला नाही तर काय होईल?”

तोंड माझं होतं, पण प्रश्न मागच्या बाकाचा होता. आठवीच्या वर्गात आम्ही पाच मुली, आणि पाचांपैकी एकीनंही वर्षभरात दिघे सरांना विज्ञानाच्या तासाला काही विचारलं नव्हतं. “आवडे, तू विचारलंस तर आमच्या झाडाच्या दहा कैऱ्या तुला,” मोती कुजबुजली. जना म्हणाली, “ती काय विचारतेय! हिचं तोंड फक्त घरी चालतं.” झालं! कैऱ्यांसाठी नाही, त्या ‘फक्त घरी’साठी मी ताडकन उभी राहिले.

सगळा वर्ग हसला. हसणारच. शेताच्या एका तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, वर माती असे थर रचायचे, उन्हाळ्यात ते जाळायचे, आणि पाऊस लागला की त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं, हा आमचा राब. आमच्याकडे ही आंघोळीसारखी गोष्ट. आंघोळ का करता, असं कोण विचारतं?

दिघे सर अलिबागकडचे. ते हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “मला माहीत नाही.”

सरांना माहीत नाही!

“रोप चांगलं येतं ते आगीमुळे की राखेमुळे, मला सांगता येणार नाही. तूच शोध. दोन तुकडे घे. सगळं सारखं ठेव, एकच गोष्ट बदल. जे दिसेल ते वहीत लिही.”

कैऱ्या मी दोन दिवसांत संपवल्या. ते वाक्य मात्र संपलं नाही. एकच गोष्ट बदल! त्या वाक्यानं जुलैत आमच्या घराचं काय झालं, ते आता सांगते.

रविवार होता. आवणी अर्ध्यावर आली होती. राबातलं रोप उपटायचं, मुठी बांधायच्या, चिखलाच्या खाचरात लावायच्या. घरातलं कुणी त्यातून सुटत नाही. बाबांनीसुद्धा दोन दिवसांची रजा काढली होती. ते कर्जत स्टेशनात पॉइंट्समन आहेत. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडायचं असलं की रूळ बदलायचा खटका तेच ओढतात.

आणि माझ्या दप्तरात एक फॉर्म होता. नववीला विषय निवडायचे होते. बीजगणित-भूमिती आणि पदार्थविज्ञान-रसायन घेतलं, तरच अकरावीनंतर सायन्स कॉलेजचं दार उघडतं. नाहीतर अंकगणित आणि आरोग्यशास्त्र, म्हणजे ‘मुलींचे विषय’. फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत द्यायचा होता, पालकाच्या सहीनिशी. आमच्या घरात सही म्हणजे येसाजीकाकांची. बाबांचे ते थोरले भाऊ. शाळेचा दाखला असो की सोसायटीचं खत, कागद त्यांच्यासमोरच जातो. काका “बघू” म्हणाले होते. काकांचं ‘बघू’ म्हणजे बारा आणे ‘हो’.

दुपारी जेवायला सगळे पडवीत जमले, तेव्हा काकांनी हातातली रोपाची मूठ जमिनीवर आपटली.

“तीन खाचरं रिकामी ऱ्हानार.”

मूठ सुटली. भाताची पाचसहा पिवळी काडं, बाकी सगळं तण.

“वरच्या राबाचा तिसरा हिस्सा असा हाय. गोमा, इकडं ये.”

गोमा डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरचा ठाकर. माझ्या जन्माच्या आधीपासून आमचा राब तोच भाजतो. तो पायरीशी आला. पावसासाठी पाठीवर घेतलेलं पानांचं इरलं त्यानं उतरवलं नाही. पाणी टपटप पडत होतं.

“राब तूच भाजलास ना?”

“व्हय.”

“मग या तुकड्याला इस्तव लागला तरी व्हता का?”

“नाय. त्यो सोडला मी.”

“सोडला? कुनाला इचारून?”

“खुंट व्हतं ना, दादा. चार. खुंटापल्याड मी इस्तव नेत नाय.”

हे खरंच. राबातला एखादा तुकडा काकडी-शिराळ्याच्या वेलांना सोडायचा असला, की घरधनी तिथं चार खुंट ठोकतो. राब भाजणारा ते बघतो आणि खुंटापासून बांधापर्यंतचा पाला ओढून अलीकडे घेतो. बोलायचीसुद्धा गरज पडत नाही.

“मी यंदा खुंट ठोकलंच नाय,” काका म्हणाले. “मी तवा खोपोलीला लग्नाला व्हतो. बुधा, तू ठोकलंस?”

बाबांनी मानेनंच नाही म्हटलं.

“बाबा, तुमी?” काका आजाकडे वळले.

आबाजीआजा भिंतीला टेकून बसला होता. “मला परसाकडं जायला दोन मानसं लागतात,” तो म्हणाला, “आनि मी राबात जाऊन खुंट ठोकनार व्हय रं?”

एरवी सगळे हसले असते.

“म्हंजी याला सपान पडलं! काम चुकवलं, वर खोटं बोलतो. गोमा, उद्यापासून येऊ नको. आवणीला नको, पुढच्या साली राबाला बी नको.”

गोमानं काकांकडे पाहिलं नाही. “व्हतं,” तो म्हणाला, स्वतःशीच. “चार व्हतं.”

होतेच चार. माझे होते.

एप्रिलमध्ये माझी पाटी फुटली. तिची लाकडी चौकट मी मोडली, चार तुकडे केले आणि वरच्या राबात बांधापासून बरंच आत ठोकले. मधला दोन हात लांब, दोन हात रुंद पाला काढून टाकला. हा माझा न भाजलेला तुकडा. एवढासाच! कुणाला कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी मी मामाकडे चौकला निघून गेले, महिनाभर. गोमा आला, त्यानं खुंट पाहिले आणि घरधन्याचा हुकूम समजून बांधापर्यंतची सगळी जागा सोडली. वाऱ्यानं उडालेल्या काजळीनं जमीन वरून सगळीकडे सारखीच काळी दिसली. काकांनी त्यावरच नांगर फिरवला आणि बी फेकलं. मला हे कळलं रोप बोटभर झाल्यावर. तेव्हापासून मी रोज ठरवत होते की सांगायचं, आणि रोज फॉर्म आठवत होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईची हाक आली. “आवडे, आत ये. भाकऱ्या न्यायच्या हायत.”

भाकऱ्या तर बाहेर नेऊन झाल्या होत्या.

आत आईनं ओच्यातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. चिखलानं माखलेला, एका टोकाला खाच असलेला लाकडाचा तुकडा. माझ्या पाटीची चौकट.

“सकाळी रोप उपटताना हाताला लागलं,” ती म्हणाली. “पाटी मीच घेतली व्हती बाजारातून. मला वळखू येत नाय व्हय?”

“आई, मी—”

“गप. आधी सही होऊ दे.”

इथं मला आईच्या बाजूनं सांगायला हवं. ती नंतर चार दिवसांनी, भांडी घासता घासता बोलली. आईच्या माहेरी चौथीपर्यंत शाळा होती. चौथीत ती पहिली आली, गुरुजींनी तिच्या बापाला घरी येऊन सांगितलं की पोरीला कर्जतला पाठवा. बाप “बघू” म्हणाला. त्याच वर्षी तिच्या धाकट्या भावाच्या हातून बैल विहिरीत पडला. आईनं बापाला सांगितलं की दावं मी सोडलं होतं, कारण भाऊ लहान, मार खाईल. मार तिला बसला नाही. शाळा बंद झाली. सकाळी तो खुंट हातात आला तेव्हा तिला गोमा आठवला नाही, राब आठवला नाही. तो बैल आठवला. एकदा भावाची चूक अंगावर घेऊन तिनं शाळा घालवली होती. पुन्हा घालवायची नव्हती.

पण हे मला तेव्हा कुठं माहीत होतं! मला एवढंच दिसलं, की माझी आई, जी परड्यातलं एक पडवळ शेजारणीचं असलं तर परत करते, ती मला खोटं गिळायला सांगतेय.

“गोमाचं काय?”

“गोमाला मी बघते. लुगडं देईन त्याच्या बायकोला. आवडे, तुझ्या पाया पडते, आजच्या दिस गप ऱ्हा.”

बाहेरून काकांचा आवाज आला. “जा आता. उभा काय ऱ्हायलास?”

मी खुंट घेऊन पळत पडवीत गेले आणि तो काकांच्या पानाशेजारी ठेवला. तीन माझ्या दप्तरात होते, नांगरानं बांधाशी फेकलेले. तेही आणून ठेवले. चार.

“खुंट मी ठोकले. गोमा खरं बोलतोय. मी प्रयोग केला.”

“काय केलास?”

“प्रयोग.”

काकांची बायको, अंबूकाकू, म्हणाली, “आता बया!”

काका पानावरून उठले. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते त्या चार लाकडांकडे बघत राहिले. काकांच्या बाजूनंही सांगायला हवं, नाहीतर ते नुसतेच रागीट वाटतील. वीस वर्षांत त्यांच्या राबाला कुणी नाव ठेवलेलं नाही. उलट दरसाल आवणीच्या शेवटी कुणी ना कुणी दारात येतं, “येसाजी, रोप उरलंय का रं?” काका दोन्ही हातांनी मुठी देतात आणि दिवसभर खुशीत असतात. यंदा त्यांना तसंच दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागणार होतं. आणि आता कारणही कळलं होतं: पोरीची पाटी.

“बुधा,” ते म्हणाले, “ही शाळा.”

बाबा काकांपुढे बोलत नाहीत.

“गजाला म्या त्योच इषय घेऊ दिला,” अंबूकाकू मध्येच म्हणाली. गजा तिचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षं पुढं. एकदा नापास होऊन अंकगणितावर आलेला. “त्याला झेपला नाय. म्हनून मी म्हनत व्हते, हिला कशाला? पन गजानं तीन वर्सांत घरी एक सवाल आनला नाय. हिनं आनला तर राब बुडवला! आवडे, मग काय निघालं तुझ्या त्या परयोगातून?”

मला वाटलं ती टोमणा मारतेय. पण ती पान बाजूला सारून बसली होती. काकूचे शिराळ्याचे वेल असतात, चुलीची राख ती तिथंच टाकते.

मी वही आणली. पान उघडून वाचायला लागले. “पेरणी झाल्यावर, जागेवर उरलेल्या एका खुंटाच्या खुणेनं, माझ्या चौकोनात अर्ध्या भागात मी चुलीची राख टाकली, अर्धा तसाच ठेवला. जिथं आगही नाही, राखही नाही, तिथं रोप बोटभर आणि पिवळं, तण वीतभर. जिथं राख आहे पण आग नाही, तिथं रोप हिरवं, पण तण त्याहून हिरवं. जिथं भाजलंय, तिथं रोप वीतभर आणि तण जवळजवळ नाही. म्हणजे राख रोपाला पोसते, पण ती तणालाही पोसते. तण मारते ती आग.”

“खरं हाय,” पायरीवरून गोमा म्हणाला. “इस्तवानं तनाचं बी मरतं जमिनीत. वाडीवर समद्यांना ठावं.”

“मग सांगितलं का नाहीस, गोमाबा?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मला कुनी इचारलं?”

मी सरांना विचारलं होतं. पाटी मोडली होती, वही भरली होती. ज्या माणसानं वीस वर्षं तो राब भाजला, त्याला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका परत बसले. चारी खुंट त्यांनी एका हातानं बाजूला सारले. मग म्हणाले, “कागद आन तुझा.”

मी फॉर्म आणला. काकांनी तो वाचला नाही, पानाच्या डब्याखाली ठेवला.

“सही करतो. घे तुला काय घ्यायचा त्यो इषय. पन ही गोष्ट या पडवीभाईर जानार नाय. येसाजीच्या राबात पोरीनं खुंट ठोकलं नि त्याला तीन महिनं पत्ता नाय, हे गावानं म्हनायचं नाय. राब गोमानं बिघडवला. यंदा त्यो येनार नाय. पुढच्या साली लोक इसरले, की बघू.”

आई दारात उभी होती. तिनं सोडलेला श्वास मला पडवीतून ऐकू आला. “भावोजी, तुमचं लई—” ती एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, “दादा सही करतोय, आवडे. आता वाढवू नको.” सकाळपर्यंत काकांना भिणारे दोघंही आता काकांच्या बाजूचे झाले होते.

उलट अंबूकाकू उसळली. “आनि पुढच्या साली राब कोन भाजनार? तुमी? बायकामानसांनी?”

“तू मधी बोलू नको.”

“का नको? निम्मा टहाळ मीच वाहते की डोक्यावर! गोमा सोडून दुसऱ्याच्या हातचा राब बघितलाय का तुमी? त्या खालच्या आळीवाल्यांचा? निम्मा कच्चा, निम्मा कोळसा!”

“काकू बरोबर बोलतेय,” मी म्हणाले. काकूच्या बाजूनं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन. तिलाही धक्का बसला.

“दिवा लागायच्या आत काय ते सांग,” काका मला म्हणाले. “गप बसलीस तर सही. बोललीस तर कागद चुलीत.”

गोमानं इरलं सारखं केलं. “ऱ्हाऊ दे, दादा. पोरगी शिकू दे. मला काय, चौकला ढाब्यावर लाकडं फोडायला बोलावतात.” आणि मला म्हणाला, “पुढच्या टायमाला खुंट ठोकलंस, की मला सांग गं. मी दोनच हात सोडीन.”

तो वाकून पागोळ्यांखालून निघाला. पाठीवरचं इरलं खाचरांच्या पलीकडे दिसेनासं होईपर्यंत मी बघत राहिले. वीस वर्षं खुंटाचा शब्द पाळणारा माणूस, आणि गाव त्याला कामचुकार म्हणणार. माझ्या सहीपायी.

दुपारभर मी रोप उपटलं. काका एका टोकाला, मी दुसऱ्या. बाबा मधे. एकदा बाबा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “गाडीला मागून इंजिन लावतो ना आमी, ते घाट चढला की काढून घ्यायचं असतं. दादा तसा हाय. चढू दे तुला. मग काढून घे.”

“बाबा, पण ते इंजिन गोमाच्या अंगावरून नेताय तुम्ही.”

ते पुन्हा वाकले. हातातली मूठ बांधायची ते विसरले. रोप पाण्यात सांडलं. बाबांच्या बाजूनं सांगायचं, तर त्यांनी आयुष्यभर केबिनमधून खूण आली की खटका ओढला. खूण देणारे स्टेशनात मास्तर, घरी काका. खूण नसताना खटका ओढणारा माणूस नोकरीवरून जातो, हे त्यांना कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

संध्याकाळी बाबा गोठ्यात बैलांना पेंढा घालत होते. आई कंदिलाची काच पुसत होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ. दिवा अजून लागला नव्हता. मी पडवीत गेले. काका ओसरीवर आजाचे पाय चेपत बसले होते. पानाचा डबा कोनाड्यात होता. मी त्याच्याखालून फॉर्म काढला. काकांनी पाहिलं. मी त्यांच्याकडे बघतच तो छातीशी धरला आणि मागच्या दारानं गोठ्यात गेले.

“आई, तूही ये.”

“काय झालं? भावोजींना काय सांगितलंस?” आईच्या हातात काच तशीच.

“काकांना अजून नाही. आधी तुम्हाला सांगते.” बैलानं मान हलवली, घंटा वाजली. आवाज माझा होता, दिघे सरांच्या त्या तासासारखा. “मी ठरवलंय. तशी सही मला नको. उद्या सकाळी आवणीवर सगळी आळी असेल. मी बांधावर उभी राहून सांगणार, की खुंट माझ्या पाटीचे होते. तीन खाचरांना रोप मागायला काकांनी कुणाच्या दारात जायचं नाही, मी जाणार. मग वाडीवर जाऊन गोमाबाला बोलावणार, तो येईपर्यंत तिथंच बसणार.”

“आनि शाळा?” आई म्हणाली. तिचा आवाज चिरला. “आवडे, शाळा गं?”

“दुपारच्या आत फॉर्म दिघे सरांच्या टेबलावर असणार. विषय मी शाईनं लिहिलेत, खोडता येणार नाहीत. खाली पालकाची जागा कोरी आहे. त्यांनी सही नसलेला फॉर्म घेतला नाही, तर रोज पदार्थविज्ञानाच्या वर्गाबाहेर उभी राहीन आणि दारातून प्रश्न विचारीन. पण मी दुसरं काही शिकणार नाही.” मी फॉर्म बाबांसमोर पेंढ्याच्या भाऱ्यावर ठेवला आणि दप्तरातलं पेन त्याच्यावर. “बाबा, पालक तुम्ही आहात. पेनात शाई भरून आणलीय.”